दोन वेळांमधला रेखांश : जुने दर्यावर्दी समुद्रात आपली जागा कशी काढत

किनारा दिसेनासा झाला की जहाजाला आपली जागा सांगण्यासाठी दोन आकडे लागतात. विषुववृत्तापासून आपण किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत हे अक्षांशावरून कळते, आणि एका ठरवलेल्या मध्यरेषेपासून किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहोत हे रेखांशावरून. यांपैकी अक्षांश आकाशात जवळजवळ लिहून ठेवलेलाच असतो. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितकाच आपला अक्षांश असतो. दिवसा हाच हिशेब मध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीवरून करता येतो. हिंदी महासागरातले अरब नाखवे लाकडी फळीला गाठी मारलेली दोरी बांधून केलेल्या 'कमाल' नावाच्या साध्या साधनाने हे काम शतकानुशतके करीत होते. रेखांशासाठी मात्र आकाशात असा एकही खुंटा रोवलेला नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पूर्वेच्या माणसाला आत्ता जे आकाश दिसते, तेच त्याच अक्षांशावरच्या पश्चिमेच्या माणसाला थोड्या वेळाने दिसते. त्या 'थोड्या वेळात'च सगळी युक्ती दडलेली आहे.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या जहाजांवर ही युक्ती प्रत्यक्षात कशी वापरत, ते येथे पायरीपायरीने सांगितले आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या कामाला अचूक घड्याळ लागते असे सर्रास म्हटले जाते. पण खरी गरज असते ती एकसारख्या चुकणाऱ्या घड्याळाची. रोज न चुकता तीन सेकंद पुढे जाणारे घड्याळ नाविकाला हवेहवेसे वाटते, आणि आज दोन सेकंद पुढे, उद्या एक सेकंद मागे असे लहरीपणाने चालणारे घड्याळ, त्याची एकूण चूक कितीही थोडी भरली तरी, त्याच्या उपयोगाचे नसते.

वेळेचे अंशांत रूपांतर

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, चार मिनिटांत १ अंश आणि चार सेकंदांत १ कला. अंशाच्या साठाव्या भागाला येथे मुद्दाम 'कला' म्हटले आहे, कारण कोनाचे मिनिट आणि वेळेचे मिनिट एकाच वाक्यात आले की भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. घटका-पळांत मोजणाऱ्यांना हे कोष्टक आणखी सोपे जात असणार : दिवसाच्या ६० घटकांत ३६० अंश, म्हणजे घटकेला ६ अंश आणि दहा पळांना १ अंश.

आपल्या डोक्यावर मध्यान्ह झाली त्याच क्षणी मध्यरेषेवर किती वाजले आहेत हे कळले, तर दोन्ही वेळांमधला फरक म्हणजेच रेखांश होय. मध्यरेषेवरची वेळ आपल्यापेक्षा पुढे असेल तर आपण पश्चिमेला आहोत, मागे असेल तर पूर्वेला. हा विचार नवा नाही. भारतीय ज्योतिषात उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेषा धरून हाच हिशेब चंद्रग्रहणावरून करण्याची रीत सांगितलेली आहे : मध्यरेषेसाठी गणिताने काढलेल्या वेळेपेक्षा ग्रहण आपल्याकडे उशिराच्या वेळी घडले तर आपण पूर्वेला, आणि आधीच्या वेळी घडले तर पश्चिमेला. रीत निर्दोष आहे, पण रोज संध्याकाळी आपली जागा हवी असलेल्या खलाशाला वर्षातून एकदोनदा येणाऱ्या ग्रहणाचा काय उपयोग? ठरावीक ठिकाणची वेळ दाखवणारे घड्याळच सोबत न्यावे, असे लूव्हेनचा गणिती गेमा फ्रिसियस याने १५३० साली सुचवले. तथापि त्या काळचे घड्याळ जमिनीवरसुद्धा दिवसाला कित्येक मिनिटे चुकत असे.

चुकीची किंमत किती पडते, हे एकदा मनात पक्के करून ठेवावे. विषुववृत्तावर रेखांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. म्हणजे घड्याळ चार सेकंद चुकले की जहाज नकाशावर एक मैल सरकते, आणि एक मिनिट चुकले की पंधरा मैल. ध्रुवांकडे जावे तसतशा रेखावृत्तांमधल्या अंतरांबरोबर ही चूकही आकसत जाते. ६० अंश अक्षांशावर ती बरोबर निम्मी होते.

घड्याळाआधीची रीत

घड्याळ नव्हते तेव्हा रेखांश अंदाजाने काढत, आणि नंतरच्या काळातही हा अंदाज कोणी सोडला नाही, म्हणून तो आधी शिकून घ्यावा. दोरीच्या टोकाला लाकडाची फळी बांधून ती जहाजाच्या मागच्या बाजूने पाण्यात टाकतात. फळी पाण्यात जवळजवळ जागच्या जागी राहते, जहाज पुढे जाते आणि रिळावरची दोरी सुटत राहते. त्याच वेळी एक जण २८ सेकंदांचे वाळूचे घड्याळ उलटे करून धरतो. दोरीला सुमारे ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ मारलेली असते. वाळू संपेपर्यंत हातातून जितक्या गाठी गेल्या, तितके सागरी मैल दर ताशी जहाजाचा वेग. वेगाला 'नॉट', म्हणजे गाठ, म्हणण्याची चाल यातूनच पडली. वेग, होकायंत्राची दिशा आणि मधला वेळ या तिन्हींवरून कालच्या जागेपासून आजची जागा नकाशावर मांडायची, एवढेच हे शास्त्र.

यातला वेळ अर्ध्या तासाच्या वाळूच्या घड्याळाने मोजला जाई. दर अर्ध्या तासाला घड्याळ उलटायचे आणि घंटा वाजवायची. आठ घंटा झाल्या की चार तासांची पाळी संपली. पहाटेच्या थंडीत आपली पाळी लवकर संपावी म्हणून वाळू पुरती पडण्याआधीच घड्याळ उलटणारे महाभाग प्रत्येक जहाजावर असत. त्यात भर सागरी प्रवाहांची. प्रवाह जहाज आणि फळी दोघांनाही एकदमच वाहून नेतो, त्यामुळे गाठी मोजून त्याचा पत्ता लागतच नाही.

म्हणून शहाणे कप्तान मुक्कामाच्या अक्षांशावर बरेच आधी पोहोचत आणि मग तो अक्षांश न सोडता सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला जात. ही रीत वेळखाऊ असली तरी बहुतेक वेळा जहाज मुक्कामी पोहोचे. ती कुठे फसते हे १७४१ साली इंग्रज कमोडोर जॉर्ज ॲन्सन याच्या वाट्याला आले. केप हॉर्न ओलांडून आलेले त्याचे खलाशी स्कर्व्हीने रोज मरत होते, आणि ताजे पाणी व पाला मिळण्याची आशा होती ती हुआन फर्नांडेस बेटावर. बेटाचा अक्षांश त्याने गाठला, परंतु बेट पूर्वेला आहे की पश्चिमेला, हेच ठरेना. तो पूर्वेला वळला आणि समोर चिलीचे डोंगर उभे राहिले. पुन्हा उलटा फिरून तो बेटावर पोहोचला तोवर या हेलपाट्यात त्याची ७० ते ८० माणसे गेली होती.

त्याआधी ऑक्टोबर १७०७ मध्ये ॲडमिरल क्लाउडस्ली शॉव्हेल याच्या ताफ्यातील चार युद्धनौका इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांच्या खडकांवर फुटल्या होत्या. त्या अपघाताचे सगळे खापर रेखांशावर फोडण्याची रीत आहे. माझ्या मते ती अर्धवट आहे, कारण त्यांचे अक्षांशही चुकले होते आणि नकाशेही. पण लोकांच्या मनात भीती बसली ती बसली, आणि १७१४ साली ब्रिटिश संसदेने बक्षिसाचा कायदा केला : वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासाअखेर रेखांश एका अंशाच्या आत सांगणाऱ्याला १० हजार पौंड, ४० कलांच्या आत १५ हजार, आणि अर्ध्या अंशाच्या आत २० हजार. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे. प्रवास सहा आठवड्यांचा धरला तर घड्याळाला रोज जेमतेम तीन सेकंदांची मुभा उरते.

घड्याळाची निगा आणि त्याची चाल

लंबकाचे घड्याळ जहाजावर चालत नाही. ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ साली ते घडवले, सतराव्या शतकातच त्याच्या समुद्रावर चाचण्याही झाल्या, पण लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजात लंबकाला स्वतःचा झोका राखता येत नाही. जॉन हॅरिसन या सुताराने सुमारे तीन दशके खपून जे चौथे घड्याळ १७५९ साली पुरे केले, ते मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे दिसणारे, सुमारे १३ सेंटिमीटर व्यासाचे होते. त्यात लंबकाऐवजी स्प्रिंगच्या ओढीवर वेगाने मागे-पुढे फिरणारे चक्र होते, आणि उष्णतेने होणारा फरक भरून काढण्यासाठी दोन धातूंची जोडपट्टी होती. १७६१-६२ मध्ये जमैकापर्यंतच्या ८१ दिवसांच्या प्रवासात ते अवघे पाच सेकंद मागे पडले. मात्र हे पाच सेकंद त्याची रोजची ठरावीक चूक हिशेबात धरून उरलेले होते, आणि आपल्याला शिकायचे आहे ते हेच.

बंदरात असताना, जिथला रेखांश आधीच माहीत आहे अशा जागी, घड्याळाची तपासणी करावी. लंडनजवळच्या ग्रीनिच येथील वेधशाळेवर, जिच्यावरून इंग्रज नाविक आपली मध्यरेषा धरत, १८३३ पासून रोज दुपारी एक वाजता एक मोठा गोळा खांबावरून खाली सोडला जाऊ लागला, तो थेम्स नदीतल्या जहाजांना हीच तपासणी करता यावी म्हणून. समजा पहिल्या दिवशी आपले घड्याळ ५ सेकंद पुढे होते आणि सहा दिवसांनी २० सेकंद पुढे भरले, तर सहा दिवसांत १५ सेकंद, म्हणजे रोजची चाल अडीच सेकंद पुढे. हा आकडा आणि निघतानाची चूक वहीत लिहून ठेवावी. त्यानंतर काटे हलवून घड्याळ 'बरोबर लावण्याचा' मोह कटाक्षाने टाळावा. एकदा काटे हलवले की मागचा सगळा हिशेब बुडाला. वीस दिवसांनी समुद्रावर त्याची चूक २० अधिक ५०, म्हणजे ७० सेकंद पुढे अशी धरायची आणि घड्याळातल्या वेळेतून वजा करायची.

ही चाल टिकावी म्हणून घड्याळाचे पथ्य पाळावे लागते. क्रोनोमीटर, म्हणजे जहाजासाठी बनवलेले हे खास घड्याळ, लाकडी पेटीत, एकात एक फिरणाऱ्या दोन पितळी कड्यांमध्ये टांगलेले असते, त्यामुळे जहाज कलले तरी त्याची तबकडी आडवीच राहते. पेटी जहाजाच्या मध्याजवळ, हेलकावे कमी बसतील अशा जागी आणि लोखंडापासून दूर ठेवावी. किल्ली रोज एकाच वेळी, एकाच माणसाने, ठरलेले वेढे मोजून द्यावी. त्यासाठी घड्याळ कड्यांमध्येच हलक्या हाताने उलटे करतात, तळाच्या भोकावरची झडप बाजूला सारतात, किल्ली घालतात, शेवटचा वेढा सावकाश देतात आणि घड्याळ पुन्हा सुलटे करताना ते हातातून सुटून झोका घेणार नाही याची काळजी घेतात. किल्ली द्यायची राहिली आणि घड्याळ बंद पडले, तर भर समुद्रात ते पुन्हा लावायला जवळ असते ते फक्त आकाश, ज्याविषयी पुढे येईलच.

पेटी डेकवर कधीही आणू नये. वेध घेण्याच्या वेळी एक साधे खिशातले घड्याळ क्रोनोमीटरशी ताडून वर न्यावे आणि खाली परतल्यावर पुन्हा ताडून पाहावे. क्रोनोमीटरचा ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो, त्यामुळे कानाने ठोके मोजत अर्ध्या सेकंदापर्यंत वेळ टिपता येते.

घड्याळे किती असावीत? एक असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. दोन असतील आणि त्यांचे पटेना झाले, तर खोटे कोण हे ठरवता येत नाही, म्हणून दोन घड्याळे ही एकापेक्षा फारशी बरी नव्हेत. तीन असतील तर रोज आपापसांत ताडून बिघडलेले वेगळे काढता येते. जगाभोवती रेखांशांची साखळी जोडण्यासाठी १८३१ साली निघालेल्या 'बीगल' जहाजावर तर २२ क्रोनोमीटर होते.

स्थानिक वेळ : सूर्याचा वेध

स्थानिक वेळ काढायची म्हटले की नवख्याला मध्यान्ह सुचते, आणि तो तिथेच फसतो. मध्यान्हीच्या आसपास सूर्य काही मिनिटे जवळजवळ एकाच उंचीवर रेंगाळतो. त्यामुळे त्याची सर्वांत मोठी उंची उत्तम मोजता येते आणि अक्षांश झकास निघतो. पण ती उंची नेमकी कोणत्या क्षणी गाठली गेली हे सांगता येत नाही, आणि एका मिनिटाच्या अनिश्चिततेला पंधरा मैल पडतात हे वर पाहिलेच आहे. वेळेसाठी सूर्य झपाट्याने चढत किंवा उतरत असताना, म्हणजे तो साधारण पूर्वेला किंवा पश्चिमेला असताना, सकाळी किंवा दुपारनंतर वेध घ्यावा.

वेधाचे साधन म्हणजे सेक्स्टंट, किंवा त्याचा वडीलभाऊ ऑक्टंट, जो जॉन हॅडली याने १७३१ साली लोकांपुढे मांडला. त्यातल्या दोन आरशांमुळे सूर्याचे प्रतिबिंब आणि क्षितिज एकाच नळीतून, एकाच वेळी दिसतात. हात हलला किंवा जहाज हलले तरी दोन्ही बरोबरच हलतात, आणि डुलणाऱ्या डेकवर कोन मोजता येतो तो याच कारणाने. आधी काळ्या काचा आड घ्याव्यात, मग दांडी सरकवत सूर्य खाली आणावा. तो क्षितिजाजवळ आला की साधन मनगटातून हळूच डावीउजवीकडे झुलवावे. सूर्याचे बिंब पाळण्यासारखे अर्धगोलात हलेल, आणि त्या झोक्याच्या तळाशी त्याची खालची कड पाण्याला नुसती टेकली पाहिजे, बुडता कामा नये. टेकली त्या क्षणी 'आता' म्हणून हाक द्यावी. घड्याळ धरलेल्या सोबत्याने आधी सेकंद लिहावेत, मग मिनिटे, मग तास; उलट क्रमाने लिहिणाऱ्याचे सेकंद लिहिता लिहिताच निघून जातात. असे पाच वेध लागोपाठ घेऊन त्यांची सरासरी काढावी.

मोजलेल्या उंचीत तीन दुरुस्त्या कराव्या लागतात. डोळा पाण्यापासून उंच असल्यामुळे क्षितिज खाली झुकलेले दिसते. नऊ मीटर उंचीवर हा झुकाव सुमारे ५ कला असतो आणि तो वजा करायचा. हवेतल्या वक्रीभवनामुळे सूर्य खरा आहे त्यापेक्षा वर दिसतो, तेही सारणीत पाहून वजा करायचे. आपण बिंबाची खालची कड मोजली, पण गणित मध्याचे आहे, म्हणून बिंबाची त्रिज्या, सुमारे १६ कला, मिळवायची.

आता जहाज नांगरलेले असेल तर सर्वांत सोपी रीत समान उंचीची. सकाळी सूर्य एका ठरावीक उंचीवर असताना घड्याळ पाहावे, सेक्स्टंटची दांडी तशीच घट्ट आवळून ठेवावी, आणि दुपारी सूर्य पुन्हा त्याच उंचीवर आला की पुन्हा घड्याळ पाहावे. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे आपली मध्यान्ह. उंची किती होती हे माहीत असण्याचीही गरज नाही, आणि वरच्या दुरुस्त्याही लागत नाहीत. मधल्या तासांत सूर्य किंचित उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो त्याची छोटी दुरुस्ती तेवढी असते.

चालत्या जहाजावर दुपारपर्यंत थांबता येत नाही, म्हणून एकाच वेधावरून गणित करतात. त्यासाठी आपला अक्षांश, पंचांगातली सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर) आणि दुरुस्त केलेली उंची, अशा तीन गोष्टी लागतात. सूत्र असे (ज्या म्हणजे साइन, कोज्या म्हणजे कोसाइन, आणि कालकोन म्हणजे सूर्य मध्यान्हीच्या जागेपासून वेळेच्या हिशेबाने किती दूर आहे तो कोन) :

कोज्या (कालकोन) = [ज्या (उंची) − ज्या (अक्षांश) × ज्या (क्रांती)] ÷ [कोज्या (अक्षांश) × कोज्या (क्रांती)]

अक्षांश २० अंश उत्तर, क्रांती १० अंश उत्तर आणि सकाळची उंची ३५ अंश असेल, तर अंशस्थानी ०.५७३६ − ०.०५९४ = ०.५१४२ येते, छेदस्थानी ०.९२५४ येते, आणि भागाकार ०.५५५६. ही कोज्या असलेला कोन ५६ अंश १५ कला, म्हणजे वेळेत ३ तास ४५ मिनिटे. मध्यान्हीला अजून इतका अवकाश आहे, तेव्हा स्थानिक सौरवेळ सकाळचे ८ वाजून १५ मिनिटे. या उदाहरणात सूर्य जवळजवळ थेट पूर्वेला आहे, त्यामुळे अक्षांशात थोडी चूक असली तरी वेळेवर तिचा परिणाम नगण्य होतो; वेध कधी घ्यावा याचे हे दुसरे कारण.

हिशेब आणि त्यातला खड्डा

वरचा वेध १६ एप्रिलच्या सुमाराचा असल्याचे मानू, आणि घड्याळाची चूक वजा करून ग्रीनिचची वेळ पहाटेचे ४ वाजून ५ मिनिटे आली असे धरू. फरक ४ तास १० मिनिटे. चार तासांचे ६० अंश, दहा मिनिटांचे अडीच अंश. आपली वेळ पुढे आहे, म्हणून रेखांश ६२ अंश ३० कला पूर्व. जहाज अरबी समुद्राच्या मधोमध आहे.

एप्रिलच्या मध्याची तारीख मी मुद्दाम निवडली, कारण त्या सुमारास सौरवेळ आणि घड्याळाची वेळ जवळपास जुळतात. एरवी त्या जुळत नाहीत. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, यामुळे सूर्य कधी घड्याळाच्या पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. हा फरक, म्हणजे कालसमीकरण, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वासोळा मिनिटांपेक्षा थोडा अधिक होतो आणि तेव्हा सूर्य पुढे असतो. फेब्रुवारीच्या मध्यास तो चौदा मिनिटांवर जातो आणि सूर्य मागे असतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात किनाऱ्याजवळ नांगरलेल्या जहाजावरून समान उंचीचे दोन वेध घेतले आणि क्रोनोमीटरवर ११ तास ५० मिनिटे २० सेकंद व १७ तास ३८ मिनिटे ४० सेकंद या वेळा आल्या असे समजू. मध्य १४ तास ४४ मिनिटे ३० सेकंद. घड्याळ ७० सेकंद पुढे आहे, म्हणून खरी ग्रीनिच वेळ १४ तास ४३ मिनिटे २० सेकंद. सारणीतले कालसमीकरण १६ मिनिटे २० सेकंद मिळवले की ग्रीनिचची सौरवेळ १४ तास ५९ मिनिटे ४० सेकंद होते, आणि आपल्याकडे तेव्हा बरोबर १२ वाजलेले आहेत. फरक २ तास ५९ मिनिटे ४० सेकंद, म्हणून रेखांश ४४ अंश ५५ कला पश्चिम. घड्याळाची ७० सेकंदांची चूक विसरलो असतो तर साडेसतरा कलांचा घोटाळा झाला असता. कालसमीकरण विसरलो असतो तर चार अंशांहून अधिक.

क्रोनोमीटरची तबकडी बारा तासांची असते. ग्रीनिचला सकाळ आहे की संध्याकाळ, हे अंदाजाने काढलेल्या रेखांशावरून ठरवावे आणि वहीत चोवीस तासांच्या पद्धतीने लिहावे.

घड्याळावर भरवसा नसेल तेव्हा : चंद्र

क्रोनोमीटर बराच काळ इतका महाग होता की बहुतेक जहाजांना तो परवडत नसे. त्यांचे घड्याळ म्हणजे चंद्र. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो तासाला सुमारे अर्धा अंश, म्हणजे स्वतःच्या व्यासाइतका, पूर्वेकडे सरकतो, आणि कोणत्या ताऱ्यापासून कधी किती दूर असेल हे आधी गणिताने काढता येते. टोबिआस मायर याच्या चंद्रसारण्यांच्या आधारे नेव्हिल मॅस्केलिनने १७६७ सालचे पहिले ब्रिटिश नाविक पंचांग प्रसिद्ध केले, आणि त्यात चंद्राची सूर्यापासूनची व ठळक ताऱ्यांपासूनची अंतरे ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे दर तीन तासांना दिलेली होती. सेक्स्टंट आडवा धरून चंद्राची कड ताऱ्याला टेकवायची, त्याच वेळी आणखी दोघांनी चंद्राची आणि ताऱ्याची उंची मोजायची, वक्रीभवन आणि चंद्राचे जवळजवळ एक अंशापर्यंत जाणारे लंबन (पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्यामुळे त्याची जागा सरकलेली दिसणे) यांची दुरुस्ती करून खरे अंतर काढायचे, आणि ते पंचांगात शोधून ग्रीनिचची वेळ वाचायची. कॅप्टन कुकने आपल्या पहिल्या सफरीत याच रीतीवर काम भागवले. हॅरिसनच्या घड्याळाची केंडॉल या घड्याळजीने केलेली प्रतिकृती त्याच्या हाती आली ती १७७२ च्या दुसऱ्या सफरीत.

या रीतीची कमजोरी आकड्यांत दिसते. अंतर मोजताना एक कला चुकली की वेळ दोन मिनिटांनी चुकते आणि रेखांश अर्ध्या अंशाने. शिवाय अमावास्येच्या आगेमागे चंद्रच नसतो, आणि गणिताला काही तास लागू शकतात. तरीही बंद पडलेले क्रोनोमीटर पुन्हा लावायला आणि लहरी झालेल्या क्रोनोमीटरला पकडायला हाच साक्षीदार कामी येई.

जमिनीवर सराव

सेक्स्टंट नसला तरी हे सगळे एका काठीने करून पाहता येते. सपाट जमिनीवर काठी ओळंब्याने अगदी उभी रोवावी आणि तिच्याभोवती दोरीने एक वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक आत येताना वर्तुळाला स्पर्श करील ती वेळ आणि दुपारी बाहेर पडताना स्पर्श करील ती वेळ, दोन्ही ग्रीनिचप्रमाणे लावलेल्या घड्याळावर टिपाव्यात. पुढचा हिशेब वरच्या नोव्हेंबरच्या उदाहरणासारखाच. टोक पुसट दिसते, म्हणून काठीच्या डोक्यावर भोक पाडलेला पुठ्ठा लावावा आणि सावलीतला प्रकाशाचा ठिपका मोजावा. मी हा प्रयोग पहिल्यांदा फेब्रुवारीत केला, कालसमीकरण विसरलो, आणि माझे राहते घर साडेतीन अंश पश्चिमेला जाऊन पडले. वेळ अर्ध्या मिनिटापर्यंत नेमकी आली तर रेखांश साडेसात कलांपर्यंत येतो, आणि काठीकडून यापेक्षा जास्त मागू नये.

किनारा जवळ आल्यावर

रेखांश हातात आला तरी तो नकाशावर टिंब म्हणून मांडू नये. तीस दिवसांच्या प्रवासात घड्याळाची खरी चाल वहीतल्या चालीपेक्षा दिवसाला एका सेकंदाने जरी वेगळी पडली असेल, तरी साडेसात कलांचा फरक पडतो; तेव्हा टिंबाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला तेवढी रेघ ओढावी, आणि किनाऱ्याच्या बाजूचे टोक हीच आपली जागा समजून पुढे जावे. त्या टोकापासून खडक रात्रीत गाठता येण्याइतके जवळ असतील तर शिडे कमी करून उजाडेपर्यंत थांबावे. मधल्या काळात शिशाचा ओळंबा टाकत राहावे. त्याच्या तळाच्या खळग्यात चरबी भरलेली असते आणि समुद्रतळाची वाळू, शिंपल्यांचा चुरा किंवा चिखल तिला चिकटून वर येतो. नकाशात त्या भागाची खोली आणि तळाचा प्रकार लिहिलेला असतो. घड्याळ म्हणते आपण अजून चाळीस मैल दूर आहोत, आणि चरबीला किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातली वाळू चिकटून आली, तर घड्याळाची वही मिटून ठेवावी आणि नांगर तयार करायला सांगावे.